धनुष्कोडीला उसवलेली पुरचुंडी

मी सिलोनला जाऊन आले त्याला आता आठ महिने होत आले, पण माझं डोकं अजून थंड झालेलं नाही. आळीतल्या बायका विचारतात, "काय काय पाह्यलंत हो काकू? समुद्र कसा व्हता? हत्ती दिसला का?" हत्ती दिसला. समुद्र खारट होता. पण मला सांगायचंय ते तांदळाचं, आणि ते सांगायला लागले की माझा आवाज चढतो, मग बायका एकमेकींकडे बघतात, काकूंना बोट लागली वाटतं अजून. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. लिहायला मी माझ्या थोरल्याच्या, दत्तूच्या पाटीवरून शिकले, तो शाळेत जात होता तेव्हा. तो सोडून द्यायचा, मी गिरवायची. तुमच्यापैकी कोणी सिलोनला जाणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून नीट ऐका.

चिंचवड

निघायचं कारण शेवंता, माझी धाकटी. तिचा नवरा मारुतराव इंजिनांचा फिटर. इकडची एक कंपनी तिकडच्या चहाच्या मळ्यांना इंजिनं विकते, ती चालती ठेवायला त्यांना कँडी नावाच्या गावी ठेवलंय. तीन वर्षं झाली. शेवंताला सातवा लागणार होता आणि डॉक्टरणीनं तिला प्रवासाची बंदी केली. पहिलटकरीण माहेरी येत नाही तर निदान ओटी तरी माहेरची भरली पाहिजे की नको? मारुतराव कंपनीच्या कामाला पुण्यास आले होते, त्यांच्याबरोबर मी जायचं ठरलं. कागदपत्रं त्यांनीच केली. मुक्कामाचा परवाना मिळाला एका महिन्याचा. म्हणजे ओटी भरा आणि नातवंडाचं तोंड न बघता माघारी फिरा! हा कायदा ज्यानं केला त्याला आई नसावी.

आमची पवनेच्या काठाला तीन खाचरं आहेत. आंबेमोहोर पिकतो. आखूड, ठुसका दाणा, आणि शिजायला लागला की तिसऱ्या घरी कळतं यांच्याकडे आज भात आहे. मालक गेल्यापासून उताऱ्यावर माझं नाव लागलंय, तेव्हापासून घरातली सगळी माझ्याशी गोड बोलतात.

पिंपरीच्या अंगाला आता काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात. जिथे आम्ही माळ्यावर बसून बाजरीची पाखरं हाकायचो, तिथे निर्वासितांची छावणी झाली, कारखान्याच्या भिंती आल्या, भोंगा वाजायला लागला. अशाच एका नव्या कारखान्याच्या माणसाला आमची खाचरं पाहिजे होती, पाण्याजवळची म्हणून. जमीन देणाऱ्या घरातल्या एकाला नोकरी देणार म्हणाला. माझा थोरला दत्तू हरखून गेला.

"आये, शिफ्टची नोकरी हाय. चिखलात कंबर मोडायला नगं."

"आन खायाचं काय?"

"रेशनला तांदूळ येतोय की. रंगूनचा. बोटी भरभरून येतोय."

"रंगूनला माझा मामा बसलाय व्हय, जलमभर पाठवायला?"

दत्तू हसला आणि कारखान्याचा कागद माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली सारून ठेवला. "वाटंत निवांत वाच. आल्यावर सही कर. सही येती न्हवं तुला?" असं कुचकं बोलतो.

आमच्यात ओटीचा तांदूळ माहेरच्या शेतातला असावा लागतो. तो पुरचुंडीत घालून, वर हळकुंड-सुपारी ठेवून तोंड शिवून टाकायचं, ते लेकीच्या दारातच उसवायचं. सुनेनं, अनुसयेनं, दोन शेराची पुरचुंडी मांजरपाटात शिवून माझ्या हातात दिली. देताना खाली बघत होती. मला वाटलं, मी परदेशी निघाले म्हणून डोळे भरले असतील.

गाडीत

रायचूरपर्यंत आमच्या डब्यात सोलापूरकडची एक मास्तरीण होती. मी तिला आंबेमोहोराचं सगळं पुराण सांगितलं: पेर कधी, रोपांसाठी राब कसा भाजतात, लावणीला गुडघाभर चिखलात बायका ओळीनं कशा उभ्या राहतात. मग पुरचुंडी तिच्या नाकाशी धरली.

"घ्या वास. कापडातनंबी येतो."

तिनं डोळे मिटून वास घेतला. "येतो हो काकू. अगदी मोहोराचा."

मद्रासच्या पुढे दुसऱ्या दोघींना दिला. त्यांना माझी भाषा कळत नव्हती, पण त्यांनीही मान डोलावली. बाई, काय ही माणसाची जात! समोरची म्हातारी एवढ्या कौतुकानं पुढं करते म्हटल्यावर तिचं मन मोडायचं नाही, म्हणून जिथे वास नाही तिथेही वास येतो. मीसुद्धा रोज दोनदा वास घेत होते आणि मलाही येत होता. हे लक्षात ठेवा.

धनुष्कोडी

धनुष्कोडी म्हणजे वाळूची एक जीभ, दोन्ही अंगांनी समुद्र. तिथे गाडी संपते आणि बोट लागते. बोटीच्या आधी एक पत्र्याची शेड, तिथे सामान तपासतात. रांगेत बहुतेक मळ्यांवर जाणारे तमिळ मजूर, डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं. त्यांच्या गाठोड्यांवर साहेब लोक खेकसत होते, मारुतरावांच्या पँटीकडे बघून आमच्यावर जरा कमी.

आमच्या वाट्याला आलेला साहेब तरुण होता, कपाळाला भस्म. त्यानं ट्रंक उघडली, लुगडी चाळली, दत्तूचा कागद वर काढून परत ठेवला. मग पुरचुंडी दाबून पाहिली.

"चावल?"

मारुतराव म्हणाले, हो, दोनच शेर आहे, धार्मिक कामासाठी. साहेब म्हणाला, धान्य देशाबाहेर न्यायला बंदी. पोतं असो की मूठ. आणि पाठीमागे बोट दाखवलं. कोपऱ्यात ढीग होता. लहान लहान गाठी, चिंध्या, डबे, कोणाचा तांदूळ, कोणाची साळ. मजुरांच्या बायकांनी आपापल्या गावचं मूठमूठ बांधून आणलेलं. सगळं तिथे पडलेलं. त्यावर मुंग्या.

माझं डोकं तिथेच तापलं. म्हटलं, "बाबा, हा विकायला न्हाई. लेकीच्या ओटीला हाय."

मारुतरावांनी हिंदीत सांगितलं. साहेब विचार करून म्हणाला, शिजवलेल्या भाताला बंदी नाही, शिजवून डब्यातून न्या.

"शिजल्या भातानं वटी भरायची? तुज्या आयची भरली व्हती का तशी?"

हे मारुतरावांनी हिंदीत सांगितलं नाही. नुसते खोकले.

तिथे मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण माझी जीभ गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "अडवायचा तर अडव. पण काय अडवतोयस ते तरी कळू दे. उसव ती पुरचुंडी आन वास घे. असला तांदूळ तुज्या बापजाद्यानं बघितला नसंल."

त्यानं पातं काढलं, टाके कापले आणि मूठभर तांदूळ टेबलावर ओतला.

लांबट दाणा. पिवळट. निम्मी कणी. हळकुंडाचा पिवळा रंग वरून लागलेला, त्यातही दोन खडे दिसले. आणि वास आला तो कुबट, पोत्याचा आणि बोटीच्या तळाचा. तो वास मला चांगला ओळखू आला, कारण आमच्या चुलीवर तो रोज येतो.

साहेबानं दाणे बोटांनी पसरले, एक दाताखाली धरला आणि हसला. कुचकं हसला नाही, हे सांगायला पाहिजे. "अम्मा, ये तो बर्मा का है. मेरे घर में भी यही पकता है."

मारुतराव पत्र्याकडे बघत होते. मागची रांग पुढे ढकलत होती. बर्माचा तांदूळ रंगूनहून बोटीनं मुंबईला आला, मुंबईहून चिंचवडच्या रेशनला आला, तिथून माझ्या सुनेनं मांजरपाटात शिवला आणि मी सबंध हिंदुस्थान ओलांडून त्याचे गोडवे गात त्याला परत समुद्रापर्यंत आणला! साहेबानं तो ढिगावर टाकला. काय बोलणार? माझा असता तर भांडले असते.

कँडी

बोटीची आणि पलीकडच्या गाडीची कटकट सांगत नाही. कँडीच्या घराच्या पायरीवर शेवंता उभी होती, पोट एवढं पुढे आलेलं, आणि पहिलं वाक्य काय, "आये, आंबेमोहोर आणलास न्हवं?"

"सरकारनं ठिवून घेतला बंदरावर," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. मारुतराव चपला काढायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मेलं सरकार!" शेवंता म्हणाली. "मी तीन वर्सं वाट बघतीया त्या वासाची." आणि मला मिठी मारून रडली. त्या रडण्यानं मला जे झालं ते मी लिहीत नाही.

गाव मात्र देखणं आहे. मधोमध तळं, चहूकडे डोंगर, लाल मातीचे रस्ते, आणि हवा आपल्या लोणावळ्यासारखी. पण डोंगराकडे वर बघा, खालपासून टोकापर्यंत चहा. कातरलेल्या गालिच्यासारखा चहा, त्याच्यावर चहा, त्याच्याही वर चहा. भाताची खाचरं अगदी खाली, दोन डोंगरांच्या बेचक्यात चेंगरून बसलेली, गाडीत बाकावर जागा न मिळालेल्या गरिबासारखी. मारुतराव मला एका मळ्यावर इंजिन दाखवायला घेऊन गेले, तिथे मी एक पान तोडून चावलं. कडू जहर. थुंकताना पायाला जळू लागली, ती मिठानं काढली.

"एवढं पाणी, एवढी माती," मी मारुतरावांना म्हटलं, "आन वर लावलंय काय, तर हे!"

"मामी, याच्यावरच देश चालतो इथला."

"चालतो कुठला. रांगंत उभा ऱ्हातो."

कारण रांग मी दुसऱ्याच दिवशी पाहिली होती. तिथे घरटी रेशनची वही असते आणि आठवड्याला माणशी ठरलेलं माप स्वस्तात मिळतं. अगदी साहेबालासुद्धा मिळतं, हे मला आवडलं. आपल्याकडे लाज वाटते लोकांना. शेवंताला उभं राहवेना म्हणून मी वही घेऊन गेले. दोन तास रांगेत. मग दुकानदारानं फळी आडवी लावली आणि काहीतरी ओरडला. पुढच्या बाईनं खुणेनं मला सांगितलं: हातांची होडी केली, हलवली आणि मान नकारार्थी. बोट आलेली नाही.

बायका परतल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही, नुसती पाण्याची वेळ चुकल्यासारखी. मला तेच सोसेना. माझ्या गावात पाऊस आला नाही तर मी आभाळाकडे बघते, शिव्या देते, निदान आभाळ माझ्या डोक्यावर असतं. यांनी कोणाकडे बघायचं? बोटीच्या कप्तानाकडे?

तीन दिवसांनी बोट लागली. पोतं उघडलं आणि मला दुरूनच वास आला. तोच. पिवळट, कुबट, निम्मी कणी. चिंचवडच्या दुकानातला आणि कँडीच्या दुकानातला, एकाच कोठारातून निघालेला. दोन शेजारणी तिसरीच्या दारात एकाच वेळी सूप घेऊन उभ्या, आणि एकमेकींना बघून पदर पुढे ओढतायत, असं मला झालं.

सोमावती

शेवंताच्या शेजारी सोमावती नावाची बाई राहते. माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, नवरा टपालात. मान ताठ, केस पांढरे, हसली की एक दात नाही. शेवंतानं तिच्याकडून तिथली भाषा उचलली, पोटात मळमळलं की हीच लिंबू चिरून आणून देते. दुपारी ती पायरीवर बसून नारळ खोवायची, मी बाजूला बसायची, आणि शेवंता मधे बसून इकडचं तिकडे करायची.

बोट लागल्याच्या दुपारी माझी जीभ परत सुटली. "तिला इचार. एवढं पाणी, एवढे डोंगर, आन तांदूळ दुसऱ्याच्या दारचा. लाज न्हाई वाटत?"

"आये, असं कसं इचारू?"

"मी बोलली तसं."

शेवंतानं विचारलं. थोडं मऊ करून विचारलं असणार. सोमावतीचा हात थांबला नाही. खोवणीवर नारळ फिरवत ती बोलत गेली आणि शेवंता सांगत गेली:

"ती म्हणती, डोंगर काय आमी इकले न्हाईत. गोऱ्यानं घेतले. चहा त्यानं लावला, मजूर तुमच्याकडनं आणले. आता गोरा गेला, चहा ऱ्हायला. चहा जातो, रबर जातं, तवा तांदूळ येतो. रंगूनचा इकत घेत्यात, चीनला रबर देत्यात, त्यो बी तांदूळ देतो."

"रबर दिऊन तांदूळ! आन उद्या त्याला रबर नगं झालं मंजी?"

"ती म्हणती, ह्येच आमी बी इचारतो." सोमावतीनं आणखी काही सांगितलं. "ती म्हणती, पण आमी गप बसलो न्हाई. गेल्या पावसाळ्यात सरकारनं रेशनचा तांदूळ महाग केला, तवा सगळ्या देशानं दुकानं बंद केली. आगगाडीचे रूळ उखडले. गोळ्या घातल्या, माणसं मेली. मोठा मंत्री खुर्ची सोडून गेला. ती इचारती, तुमच्याकडं काय केलं?"

आमच्याकडे काय केलं? आमच्याकडे लेव्हीचं धान्य उचलायला सरकारी माणूस खळ्यावर आला तर त्याला चहा पाजला.

मग सोमावतीनं खोवणीवरून पाय काढला, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे सरळ बघून एकच गोष्ट विचारली. शेवंता हसली. "आये, ती इचारती, तुमी तर तांदूळ पिकवणारी माणसं. मंग तुमी घरात कुठला खाता?" आणि मला तोंड उघडू न देता तिनंच उत्तर दिलं, सोमावतीच्या भाषेत, मोठ्या ठसक्यात. मला त्यातला एकच शब्द कळला. आंबेमोहोर.

पोरीची मान अशी वर झाली होती! तीन वर्षं ती त्या परक्या गावात याच शब्दावर मान वर करून राहिली असणार.

"शेवंता," मी म्हटलं, "खोटं हाय ते."

"काय?"

"आमी रेशनचा खातो. रंगूनचा. आंबेमोहोर सगळा यापारी उचलतो खळ्यावरनं. बंदरावर सरकारनं घेतला त्यो बी रंगूनचाच व्हता. घरात दुसरा दाणा नव्हता."

"कवापास्नं?"

"तुजं लगीन झालं त्या सालापास्नं."

"कुणी ठरवलं? दादानं?"

इथे मी दत्तूचं नाव सांगू शकले असते. त्याच्यावर राग होताच. पण सोमावती समोर बसली होती आणि तिला एक शब्द कळत नसूनही ती सगळं ओळखून बसली होती. "मी ठरवलं," मी म्हटलं. "यापारी दारात आला, गोड बोलला. मी म्हणले, वासानं काय प्वॉट भरतं? इकू सगळा, रेशनचा खाऊ. पहिल्या वर्सी कणगी निम्मी ठिवली. मंग पाव. मंग कणगी माळ्यावर टाकली."

बोलून झाल्यावर मला माझाच इतका राग आला की हातातली खोबऱ्याची वाटी मी आपटली. सिलोनला शिव्या देत होते, त्यांचे डोंगर तरी गोऱ्यानं घेतले. माझं खाचर कोणी घेतलं होतं? पाणी माझं, चिखल माझा, कंबर माझी, आणि ताटात रंगून! लहान देश निदान उघड्यावर, वही हातात घेऊन रांगेत उभा राहतो. आम्ही मोठे, आम्ही शेतकरी, आम्ही पुरचुंडीत शिवून वर सुपारी ठेवतो.

शेवंतानं सोमावतीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोन वाक्यं सांगितली. सोमावती उठून घरात गेली.

ओटी

ओटी भरायचा दिवस आला तेव्हा माझ्यापाशी नारळ होता, खण होता, हळकुंड होतं, तांदूळ नव्हता. शेवंता म्हणाली, "रेशनचाच घाल आये. चालतंय." ती समजूत घालत होती माझी, तेच जास्त लागत होतं.

एवढ्यात सोमावती आली. हातात वेताची टोपली, वर केळीचं पान. पान काढलं तर तांदूळ, पण तांबडा. आपल्याकडे ओटीला पांढरा लागतो, मी कचरले. तिनं शेवंताला सांगितलं, आणि शेवंतानं मला:

"तिच्या भावाच्या शेतातला हाय. तिकडं सपाटीला जुनं तळं सरकारनं बांधून काढलं, तिथं भावाला नवी जमीन मिळाली. जंगल तोडून पहिलंच पीक घेतलंय. ती म्हणती, ह्यो बोटीतनं आलेला न्हाई."

मी हात पुढे केला. दाणा जाड, ओबडधोबड, वास मातीचा. मी त्याच तांदळानं माझ्या लेकीची ओटी भरली. पाच वेळा ओंजळ भरली, आणि पाचही वेळा माझ्या मनात आलं, ही माहेरची ओटी, आणि दाणा सोमावतीच्या माहेरचा. तिनं त्यातलाच उरलेला नारळाच्या दुधात शिजवून थापला आणि आपण बर्फी कापतो तशा वड्या कापल्या. शुभ दिवसाला त्यांच्यात हेच करतात. शेवंतानं चार खाल्ल्या. सोमावतीनं एक माझ्या तोंडात घातली. मी चावली. गोड नव्हती, पण लागली छान. रडू आवरत आवरत खाल्ली म्हणून नीट आठवत नाही.

चिंचवड, परत

घरी आले, हातपाय धुतले, अनुसयेला समोर बसवलं. "पुरचुंडी कुणी भरली?"

तिनं लपवलं नाही. "म्या भरली. कणगीत दाणा नव्हता आत्याबाई. तुमी आळीभर सांगत सुटलेल्या, आमचा आंबेमोहोर चालला सिलोनला. कोणत्या तोंडानं सांगू?"

"मला सांगायचं व्हतं. मला वाटलं, वटीपुरता तरी तू बाजूला ठिवला असशील."

"तुमीच तर इकायला लावला," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली. तिला सून करून आणल्यापासून ती मला पहिल्यांदा उलटून बोलली, आणि मी काय करणार? बरोबरच बोलली.

दत्तू संध्याकाळी आला. "आये, वाचलास का कागद?"

"तीनदा वाचला."

"मंग?"

"मंग काय. सही न्हाई."

तो चिडला. "अगं, भात आपण पिकवतो खरं, पण खातो कुठं? सगळा इकतोच न्हवं? मंग जमीनच इकली तर काय बिघडलं? ताटात रंगूनचाच ऱ्हायचा की!"

बघा, त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. मीच त्याला हे शिकवलं होतं. कणगी माळ्यावर टाकली त्या दिवशी मी त्याला अर्धी जमीन विकायला शिकवली, उरलेली अर्धी तो आपल्या अकलेनं विकायला निघाला होता.

"बोट आली न्हाई तर?" मी विचारलं.

"का न्हाई येणार?"

"म्या बघितलंय. बोट आली न्हाई की दुकानदार फळी लावतो. आन मंग तुजा भोंगा वाजू दे न्हाईतर न वाजू दे."

"समद्या गावाच्या जमिनी जातील, तुजं एकलीचं खाचर ऱ्हाणार व्हय?"

"ऱ्हाईल तवर ऱ्हाईल."

त्यानं कागद ओढून घेतला आणि न जेवताच उठून गेला. स्वराज्य येऊन सात वर्षं झाली, आणि माझ्या घरात मुलाला वाटतं भात म्हणजे बोटीतून येणारी वस्तू. राग येईल नाही तर काय!

त्या ज्येष्ठात मी स्वतः राब भाजला. लावणीला अनुसया माझ्या शेजारी उभी होती. आता कार्तिक सरत आलाय, झोडणी झाली. व्यापारी नेहमीसारखा खळ्यावर आला, गोड बोलला. मी कणगीकडे बोट दाखवलं. ती माळ्यावरून काढून, शेणानं सारवून अंगणात ठेवली होती. म्हटलं, आधी ही भरू दे, मग तुझं बघू. तो म्हणाला, "काकू, तुमी खाऊन काय करणार एवढा?" त्याला खळ्यावरून घालवला.

दत्तू अजून माझ्याशी धड बोलत नाही. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात नाव लावून आलाय, लागली नोकरी तर लागू दे, मी आडवी येणार नाही. ताटात आंबेमोहोर वाढला की मात्र मान खाली घालून तिसऱ्यांदा भात मागून घेतो. माझ्याकडे नाही, अनुसयेकडे मागतो.

शेवंताला वैशाखात मुलगा झाला. परवा पत्र आलं, मार्गशीर्षात त्याचं उष्टावण करायचंय, पहिला घास भाताचा भरवायचाय. सोमावती म्हणते तांबडा माझ्याकडे आहेच, पण शेवंतानं खाली लिहिलंय, आये, तू ये.

मी जाणार आहे. मारुतराव कागदपत्रं करतायत. पुरचुंडी या खेपेला मी माझ्या हातानं भरली, माझ्या हातानं शिवली, आणि शिवायच्या आधी दत्तूच्या नाकाशी धरली. त्यानं वास घेतला.

धनुष्कोडीला तो भस्मवाला साहेब असेल तर अडवील. कायदा कायदाच आहे, ढिगावर टाकील. टाकू दे. भांडेन मी त्याच्याशी, पत्र्याची शेड डोक्यावर घेईन, सगळी रांग थांबवीन. आता मला भांडता येईल. आता तो माझा तांदूळ अडवतोय.